चेंडूची लकाकी : राखणे आणि बिघडवणे

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनदा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु माणसाच्या हातातल्या लहानसहान वस्तूंनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा त्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकेच मानापमान, न्याय-अन्याय आणि हेवेदावे भरलेले असतात. प्रस्तुत निबंधात आम्ही अशाच एका वस्तूचा विचार करणार आहोत. ती वस्तू म्हणजे क्रिकेटचा चेंडू. आणि त्यातही त्याचे वजन किंवा आकार नव्हे, तर त्याचा वरचा पृष्ठभाग. हा पृष्ठभाग चकचकीत ठेवावयाचा की खरबरीत करावयाचा, तो कोणी करावयाचा, कशाने करावयाचा, आणि काय केले असता त्यास कौशल्य म्हणावयाचे व काय केले असता लबाडी, या प्रश्नांवरून गेल्या पन्नास वर्षांत जेवढा गदारोळ उडाला तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळाच्या बाबतीत उडाला असेल.

पृष्ठभागाची मातबरी काय, हे छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना निराळे समजावून सांगावयास नको. दौलताबादेहून वेरुळकडे जाताना कागझीपुरा लागतो. तेथे चिंध्यांच्या लगद्यापासून हाती कागद करण्याची फार जुनी परंपरा आहे. असा कागद नुसता वाळवून भागत नसे. त्याला खळ द्यावी लागे आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटावा लागे. न घोटलेल्या कागदावर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. सतराव्या शतकात उभा राहिलेला आपला बीबी का मकबरा घ्या. संगमरवर त्यात काही भागांतच आहे. बाकीची शुभ्रता घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याची आहे. दुरून पाहणाऱ्याला सगळाच दगड वाटतो, ही त्या घोटणाऱ्या हातांची करामत. या दोन्ही उदाहरणांत एकच तत्त्व आहे. कोणताही पृष्ठभाग स्वतःपुरता चांगला किंवा वाईट नसतो. त्याच्यावरून काय जावयाचे आहे, शाईची रेघ की सूर्याचा प्रकाश, यावर त्याची घोटाई किती हवी हे ठरते.

चेंडूवरून हवा जाते आणि चेंडू स्वतः जमिनीवरून जातो. म्हणून त्याच्या घोटाईचा प्रश्न दुहेरी आहे.

क्रिकेटकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या एका खेळाकडे क्षणभर पाहणे बोधप्रद होईल. अमेरिकेत लोकप्रिय असलेला आणि अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांच्या मॉलमधूनही दिसणारा बोलिंगचा खेळ पुष्कळांच्या परिचयाचा असेल. साठ फूट लांबीच्या पट्टीवरून जास्तीत जास्त सोळा पौंडांचा गोळा घरंगळत सोडून टोकाला उभ्या केलेल्या दहा खुंट्या पाडावयाच्या, असा तो खेळ. त्या पट्टीच्या बऱ्याचशा भागावर तेलाचा हात दिलेला असतो. गोळा चकचकीत असेल तर तो तेलावरून सरळ घसरत पुढे जातो व शेवटी वळतो; त्याची कातडी किंचित खरबरीत केली तर तो पट्टीला लवकर धरतो आणि लवकर वळू लागतो. म्हणून जाणते खेळाडू आपला गोळा निरनिराळ्या क्रमांकांच्या घासकागदांनी घासून किंवा पॉलिश लावून हवा तसा करून घेतात. हे सर्व राजरोस चालते. तेथील नियम इतकेच सांगतो की, स्पर्धेतला खेळ सुरू झाल्यावर घासण्याच्या साधनाने गोळ्याचा पृष्ठभाग बदलावयाचा नाही. त्यापूर्वी खुशाल बदला. १९७३ साली डॉन मॅकून नावाच्या अमेरिकन खेळाडूने आपला गोळा रसायनात भिजवून मऊ केला आणि त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या. त्यावर कोणी त्याला कायमचे बहिष्कृत केले नाही. गोळा किमान किती कठीण असावा याचा नियम तेवढा झाला. घासकागद हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा त्याचा अर्थ अगदी निराळा झालेला असेल.

आता क्रिकेटचा चेंडू. बुचाच्या गाभ्यावर सूत गुंडाळून वर चामड्याचे कवच शिवलेले असते. मधोमध टाक्यांच्या सहा ओळींची शिवण असते. चेंडूचे वजन साडेपाच ते पावणेसहा औंस असावे हा नियम १७७४ सालचा, आणि इतकी स्थित्यंतरे होऊनही तो टिकून आहे. नव्या चेंडूच्या कातड्यावर रंग आणि लकाकी असते. आपल्याकडे वापरले जाणारे पुष्कळसे चेंडू मेरठ आणि जालंधर येथे तयार होतात. हा धंदा मूळचा सियालकोटचा. १९४७ च्या फाळणीत तेथील कारागीर व कारखानदार निर्वासित होऊन इकडे आले आणि त्यांनी येथे तो नव्याने उभा केला. म्हणजे आपल्या मैदानावरचा लाल चेंडूसुद्धा देशाच्या इतिहासातून घरंगळत आलेला आहे.

हा चेंडू हवेत वळतो कसा? चेंडू वेगाने जात असता त्याच्या अंगालगत हवेचा एक पातळ थर असतो. गुळगुळीत बाजूवरचा थर संथ असतो व तो चेंडूला लवकर सोडून देतो. शिवणीने किंवा खरबरीतपणाने खवळलेला थर मात्र अधिक वेळ चेंडूला चिकटून राहतो. दोन बाजूंनी हवा अशी निरनिराळ्या ठिकाणी सुटली की चेंडू एका अंगाला ढकलला जातो. सर्वसाधारण वेगात तो खरबरीत बाजूकडे, शिवणीचे तोंड असेल तिकडे झुकतो. हा झाला नेहमीचा स्विंग. म्हणून क्षेत्ररक्षक चेंडूची एक बाजू पाटलोणीवर घासून घासून लखलखीत ठेवतात आणि दुसरी बाजू खेळपट्टीवर आपटून जी व्हावयाची ती होऊ देतात. धुवायला टाकलेल्या पांढऱ्या पाटलोणीवरचे तांबडे डाग ज्या घरांतील मातांनी पाहिले असतील, त्यांना हे विज्ञान फार पूर्वीपासून अवगत आहे.

फिरकी गोलंदाजाची गरज याच्या उलट असते. नवा, मेणचट चेंडू त्याच्या बोटांत ठरत नाही आणि खेळपट्टीला धरत नाही. तो घसरून जातो. लकाकी गेली, कातडे किंचित खरबरीत झाले, की मग त्याची बोटे बोलू लागतात. थोडक्यात, एकाच चेंडूची लकाकी ही एका गोलंदाजाची पुंजी आणि दुसऱ्याची अडचण असते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे आपल्या देशातील क्रिकेटचा पुष्कळसा इतिहास उलगडतो. इंग्लंडचे हवामान दमट, मैदाने हिरवळीची. तेथे लकाकी टिकते आणि स्विंगला वाव मिळतो. दख्खनची मैदाने उन्हाने तापलेली, गवत तुरळक, आणि कित्येक ठिकाणी तर काथ्याच्या चटईवर खेळ होत असे. अशा जमिनीवर चेंडूची लकाकी फार काळ टिकणे शक्य नव्हते. वेगवान गोलंदाज आपल्याकडे झालेच नाहीत असे नव्हे. कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेले दत्तू फडकर, मुंबईचे ठेंगणे परंतु चिवट रमाकांत देसाई यांची नावे जुन्या रसिकांच्या ओठांवर असतात. तरीही आपली खरी दौलत फिरकीची. तिच्या आद्य पुरुषांपैकी एक पाळवणकर बाळू.

बाळूंचा उल्लेख केल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. धारवाडला जन्मलेले आणि पुण्याच्या मैदानांवर तयार झालेले हे डावखुरे फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातले होते. चेंडू चामड्याचा. सगळ्या संघाने तो हाती घ्यावयाचा, झेलावयाचा, एकमेकांकडे टाकावयाचा. त्यात विटाळ नव्हता. परंतु खेळाच्या मधल्या सुट्टीत बाळूंना चहा मात्र बाहेर आणि निराळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. ज्या हातातून चेंडू घ्यावयाचा त्या हाताला पेला लागू द्यावयाचा नाही, असा हा हिशेब. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले; आणि १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. चेंडूच्या पृष्ठभागावर कोणाचा हात लागला तर चालतो आणि कोणाचा लागला तर चालत नाही, हा प्रश्न पंचांपुढे येण्यापूर्वी समाजापुढे असा येऊन गेलेला होता.

आता खुद्द नियमांकडे येऊ. १७७४ च्या नियमात चेंडूच्या वजनाची बांधणी होती. त्याच्या घोटाईबद्दल अवाक्षर नव्हते. पुढे दीर्घकाळ ही बाब बव्हंशी रिवाजावर चालली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी चौकडीचा काळ आठवावा. त्या काळात आपल्या संघात नवा चेंडू हाताळणारे गोलंदाज जणू औपचारिकतेपुरते असत. आबिद अली आणि एकनाथ सोलकर यांनी काही षटके टाकावयाची, लकाकी उतरवावयाची आणि चेंडू फिरकीच्या स्वाधीन करावयाचा, असा शिरस्ता होता. १९६७ साली बर्मिंगहॅमच्या कसोटीत तर चारही फिरकी गोलंदाज एकदम खेळत असल्याने बुधी कुंदरन या मूळच्या यष्टिरक्षकाला नवा चेंडू टाकावा लागला. पुढे सुनील गावसकरांसारख्या फलंदाजानेही प्रारंभीची षटके टाकली आहेत. लकाकी लवकर जावी म्हणून चेंडू जमिनीवर घासणे, मातीत घोळणे हेही त्या वेळी सर्रास चाले. ते उघड्यावर, पंचांच्या समोर आणि हजारो प्रेक्षकांच्या देखत होई. त्यात लपविण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नसे. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरविले, चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. या साऱ्या पराक्रमाची पाळेमुळे लकाकी उतरलेल्या चेंडूत होती.

मग १९७७ चा जानेवारी आला. टोनी ग्रेगचा इंग्लंड संघ भारतात होता. जॉन लिव्हर या डावखुऱ्या गोलंदाजाने दिल्लीच्या पहिल्याच कसोटीत दहा बळी घेतले होते. मद्रासच्या तिसऱ्या कसोटीत लिव्हर आणि बॉब विलिस यांनी घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर व्हॅसलीन लावलेल्या पट्ट्या बांधल्या. त्यातले व्हॅसलीन चेंडूला चोळले जाते असा आक्षेप भारताचा कप्तान बिशनसिंग बेदी याने घेतला. इंग्लिश अधिकाऱ्यांनी लिव्हरला निर्दोष ठरविले. ते खरे असेलही. त्याचा न्यायनिवाडा आज आम्ही करू इच्छित नाही. आम्हाला महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. मूळ प्रश्न येथे प्रथमच चव्हाट्यावर आला. अंगच्या घामाने चेंडू चमकविणे रास्त. डबीतल्या पदार्थाने चमकविणे गैर. मग कपाळावर घामात मिसळलेल्या डबीतल्या पदार्थाचे काय?

तीनच वर्षांनी, १९८० साली, एम. सी. सी.ने नियमांची नवी संहिता प्रसिद्ध केली. तीत असे स्पष्ट झाले की, कृत्रिम पदार्थ न वापरता व वेळ न दवडता चेंडू चमकविण्यास कोणाही क्षेत्ररक्षकाला मुभा आहे. परंतु चेंडू जमिनीवर घासण्यास मनाई आहे. हे कलम शांतपणे वाचले म्हणजे त्यातला एकांगीपणा ध्यानात येतो. चमकविणे रास्त, खरबरीत करणे गैर! पाटलोणीचे कापड चालते, पायाखालची माती चालत नाही. ज्यांच्या देशात लकाकीची चलती त्यांची सवय नियमात बसली. ज्यांच्या देशात लकाकी नडते त्यांची सवय गुन्ह्यात जमा झाली.

याला दुसरीही बाजू आहे आणि ती न मांडणे अन्यायाचे होईल. चमकविणे हे कष्टाचे काम आहे. कितीही घासले तरी चेंडू पुन्हा नव्यासारखा होत नाही, फार तर त्याचे जुनेपण लांबते. उलट मातीत चार वेळा घासले की कातडे एका क्षणात कायमचे बदलते. नियम करणाऱ्याने हळूहळू होणाऱ्या गोष्टीला मुभा द्यावी आणि तडकाफडकी होणाऱ्या गोष्टीला बंदी घालावी, यात तर्क नाही असे म्हणता येणार नाही. तथापि तर्क असणे निराळे आणि त्या तर्काने जे बांधले गेले त्या सर्वांना विचारले गेले असणे निराळे.

नियम होत होता तोवर पाकिस्तानात एक नवीनच विद्या आकार घेत होती. सर्फराज नवाज, त्याच्या मागोमाग इम्रान खान, आणि पुढे वसीम अक्रम व वकार युनूस यांच्या हाती जुना, एका बाजूने झिजलेला चेंडू भलत्याच दिशेने वळू लागला. ज्या बाजूकडे तो झुकावयाचा त्याच्या उलट, चकचकीत बाजूकडे, तो जाई. वेग पुरेसा असला आणि चेंडूची एक बाजू पुरेशी झिजलेली असली की हवेच्या थरांचा खेळ उलटतो, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. नासाच्या संशोधन केंद्रातील रवींद्र मेहता यांचे या विषयावरील काम प्रसिद्ध आहे. परंतु फलंदाजांना आधी बसला तो धक्का आणि शास्त्र आले ते मागाहून. मधल्या काळात संशय आला. १९९२ च्या पाकिस्तानच्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवरील एका एकदिवसीय सामन्यात पंचांनी मध्येच चेंडू बदलला. वृत्तपत्रांतून आरोपांची राळ उडाली. काही हात खरोखरच अस्वच्छ होते, हेही नाकारता येत नाही. एका कौंटी सामन्यात आपण बाटलीचे झाकण वापरले होते, अशी कबुली इम्रान खानने पुढे दिली. परंतु संशयाचा शिक्का बसला तो एका-दोघांवर नव्हे, एका सबंध देशावर. आणि तेरा वर्षांनी, २००५ च्या ॲशेस मालिकेत, इंग्लंडच्या गोलंदाजांनी त्याच उलट्या स्विंगने ऑस्ट्रेलियाला नमविले तेव्हा मात्र त्याच विद्येला कला म्हणून गौरविण्यात आले. त्या मालिकेत गोळी चघळून साखरमिश्रित लाळेने आपण चेंडू चमकवीत होतो, असे मार्कस ट्रेस्कोथिकने २००८ मधील आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. इंग्लंडचाच कप्तान मायकेल आथर्टन १९९४ साली लॉर्ड्सवर खिशातली माती काढून चेंडूला लावताना चित्रीकरणात सापडला होता व त्याला दोन हजार पौंड दंड झाला होता. लाळ आणि माती कोणत्याही एका राष्ट्राची मक्तेदारी नव्हती.

आता हा वाद आपल्या घरी येतो. नोव्हेंबर २००१. दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथची कसोटी. सचिन तेंडुलकर शिवणीत अडकलेले गवत-माती बोटाने काढताना दिसला. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याच्यासह सहा भारतीय खेळाडूंना निरनिराळ्या कारणांसाठी शिक्षा सुनावल्या. पंचांच्या देखरेखीवाचून चेंडू साफ केला, हा तेंडुलकरचा तांत्रिक दोष. परंतु देशभर त्याचा अर्थ एवढाच लागला की, सचिनला लबाड ठरविले. संतापाची लाट उसळली. पुढचा सेंच्युरियनचा सामना डेनेस यांना वगळून खेळविण्यात आला आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला कसोटीचा दर्जा नाकारला. वीरेंद्र सेहवागवरील एका सामन्याची बंदी भोगली गेली की नाही, यावरून भारत आणि इंग्लंड यांच्यातील मोहालीची कसोटी होते की नाही अशी पाळी आली. अखेर सेहवागला वगळून ३ डिसेंबर २००१ रोजी सामना सुरू झाला.

त्या मोहालीच्या कसोटीत आपल्या मराठवाड्याचे दोन सुपुत्र प्रथमच भारताकडून उतरले. एक बीडचे संजय बांगर. दुसरे आमच्या याच शहरात जन्मलेले वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी. चेंडूच्या शिवणीवरून दोन क्रिकेट मंडळांत जवळजवळ युद्ध पेटले असता, नवा चेंडू हाती घेण्यासाठी निवडलेल्यांत या शहराचा मुलगा होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या स्मरणात आहे? भारताने तो सामना दहा गडी राखून जिंकला. विजयासाठी अवघ्या पाच धावा हव्या होत्या तेव्हा सिद्दीकींना सलामीला पाठविण्यात आले. ती त्यांची पहिली आणि शेवटची कसोटी ठरली. महाराष्ट्राकडून मात्र त्यांनी दीर्घकाळ गोलंदाजी केली. श्रीरामपूरचे झहीर खान यांचे भाग्य अधिक थोर. जुन्या चेंडूचा उलटा स्विंग आपल्याकडे त्यांच्याइतका आत्मसात केलेले गोलंदाज थोडे. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी घेतले, आणि त्या स्पर्धेत त्याहून अधिक कोणालाच मिळाले नाहीत.

२००४ च्या जानेवारीत राहुल द्रविडसारख्या सभ्यतेचा आदर्श मानल्या गेलेल्या खेळाडूलाही दंड झाला. ब्रिस्बेनच्या सामन्यात चघळण्याच्या गोळीचा अंश त्याने चेंडूला लावला म्हणून त्याचे अर्धे मानधन कापले गेले. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेच्या फाफ डु प्लेसीचे अशाच गोळीपायी सगळे मानधन गेले. आणि मग २४ मार्च २०१८ हा दिवस. केप टाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टने पिवळा घासकागद वापरून चेंडूची एक बाजू खरवडण्याचा प्रयत्न केला आणि कॅमेऱ्याने तो टिपताच कागद पाटलोणीत लपविला. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने कप्तान स्टीव्ह स्मिथ व उपकप्तान डेव्हिड वॉर्नर यांच्यावर बारा महिन्यांची आणि बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची बंदी घातली. स्मिथ वार्ताहरांपुढे ढसाढसा रडला. अमेरिकेतील बोलिंगचा खेळाडू जो घासकागद सामन्यापूर्वी उघडपणे वापरतो, त्याच कागदाने क्रिकेटमधील तीन कीर्तिवंतांची अब्रू गेली. कागद तोच, घासणे तेच. फरक नियमाचा, वेळेचा आणि लपविण्याचा.

नियम किती मानवी गरजांवर उभा असतो हे दाखविण्यास पुढचे उदाहरण पुरेसे आहे. पिढ्यान्‌पिढ्या लाळ ही चेंडू चमकविण्याची निर्दोष, नैसर्गिक सामग्री मानली जात होती. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून आंतरराष्ट्रीय परिषदेने लाळेवर बंदी घातली. काल जे निर्मळ होते ते आज निषिद्ध झाले. घाम मात्र चालू राहिला. २०२२ मध्ये ती बंदी कायम करण्यात आली. आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये त्या स्पर्धेपुरती ती उठविण्यातही आली. याच काळात चेंडूचे जुनेपण नियमच ठरवू लागला. २०११ पासून एकदिवसीय सामन्यांत दोन टोकांना दोन नवे चेंडू आले. त्यामुळे कोणताच चेंडू पुरेसा जुना होईना, आणि उलटा स्विंग व फिरकी या दोहोंची गळचेपी होते अशी ओरड झाली. तेव्हा २०२५ साली असे ठरले की, चौतीस षटकांनंतर दोहोंपैकी एकच चेंडू ठेवावा. म्हणजे जे गोलंदाजाने नखाने केले तर गुन्हा, तेच, चेंडू अधिक झिजू देण्याचे काम, नियमकर्त्यांनी लेखणीने केले.

या साऱ्या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? नियम मोडावेत, असे कोणी आमच्या बोलण्यातून काढू नये. दोन पक्षांना एकाच मैदानावर खेळावयाचे असेल तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि ओढलेली रेघ पाळावीच लागते. परंतु ती रेघ माणसाने ओढलेली आहे, ती सरकत आलेली आहे आणि ती ओढणाऱ्यांच्या सवयींचा रंग तिला लागलेला आहे, हे विसरता कामा नये. माती, लाळ, गोळी, घासकागद यांपैकी एकही वस्तू जात्याच पापी नाही. सोलकरांच्या काळी चेंडू मातीत घासणाऱ्याने काही लपविले नाही, बॅनक्रॉफ्टने लपविले. नीतीच्या दृष्टीने आम्हाला हा भेद नियमातील कलमापेक्षा मोठा वाटतो. पंचाला नियम पुरेसा आहे, आणि तो तसाच असावा. परंतु प्रेक्षकाने, वृत्तपत्राने आणि पुढे इतिहास लिहिणाराने नियमभंग आणि बेइमानी या दोन शब्दांत गल्लत करू नये. आणि एका खेळाडूच्या हाताला लागलेला डाग त्याच्या सबंध देशाच्या, धर्माच्या वा जातीच्या कपाळी तर मुळीच फासू नये. बाळूंच्या चहाच्या भांड्यापासून १९९२ च्या इंग्लिश वृत्तपत्रांच्या मथळ्यांपर्यंत तीच चूक निरनिराळे वेष घेऊन आलेली आहे.

आपल्या शहरातील मैदानांवर संध्याकाळी मुले खेळताना दिसतात. त्यांच्या हातचा चेंडू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरवडून निघतो, कारण आपली जमीन तशीच आहे. त्यांतला एखादा मुलगा चेंडूची एक बाजू पाटलोणीवर नेटाने घासत असतो. त्याला चेंडू घासू नको असे सांगण्याचे कारण नाही. त्याने तो सर्वांच्या देखत घासावा, आणि पंच म्हणून उभा असलेल्या पोराने चेंडू मागितला तर मुकाट्याने त्याच्या हाती द्यावा, एवढे त्याला शिकविले म्हणजे पुरे.